अडुसष्ट थांबे आणि एक चादर

पहिला दिवस

आत्याचा फोन पंधरा दिवस आधीच आला होता. “औंदा तरी गड्ड्याला ये. दरवर्षी येते म्हणतीस अन् येत नाहीस.” गड्डा म्हणजे सोलापूरची संक्रांतीची यात्रा, सिद्धेश्वरांची, म्हणजेच सिद्धरामेश्वर महाराजांची. मागून दादाचा आवाज आला, “तिला म्हणावं, तुमची मशीनं माझ्या चादरीचं वजन दुप्पट दाखवायलीत. ये अन् बघून जा.”

दादा माझा आतेभाऊ. नव्या पेठेतलं दुकान काकांच्या मागे चालेना, म्हणून त्यानं सोलापुरी चादरी आणि टॉवेल ऑनलाइन विकायला काढले. मी पुण्यात, गोदामातल्या यंत्रांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कंपनीत. पट्ट्यावरून पार्सल जातं, वरचा कॅमेरा लांबी-रुंदी-उंची मोजतो, खालचा काटा वजन घेतो आणि पार्सल कुठल्या पोत्यात पडायचं, भाडं किती लागायचं, हे तिथल्या तिथे ठरतं. ते ठरवणारं गणित लिहिण्यात माझा हात आहे. म्हणजे दादाची तक्रार बरोबर खिडकीवर आली होती.

संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस. खिडकी मिळाली, पण दौंडनंतर बाहेर काळोख आणि काचेत आपलंच तोंड. समोरच्या बाकावरच्या मुलानं दोनदा फोन करून “घरी कुणी नसलं तर शेजारच्या काकूंकडं ठेवा, ओटीपी सांगतो” असं कुणाला तरी समजावलं. मी ऐकत नसल्याचं दाखवून सगळं ऐकलं.

कुर्डुवाडीला गाडी जरा रेंगाळली. इथून पूर्वी बार्शी लाइटची छोटी गाडी मिळायची. १८९७ साली बार्शी ते कुर्डुवाडी अडीच फुटी रुळांची ती लाइन सुरू झाली. बार्शीच्या पेठेतला माल छोट्या डब्यातून यायचा आणि इथं हमालांच्या पाठीवरून मोठ्या डब्यात जायचा, कारण रुळांची रुंदी बदलायची. आमच्या धंद्यात आजही पहिला प्रश्न हाच असतो: मालाला किती वेळा हात लागला? गाडी रात्रभर पळवायला लागत नाही एवढा पैसा माल उतरवून पुन्हा चढवायला लागतो. हे हिशेब करणारा कुर्डुवाडीचा मुकादम आमच्या मीटिंगमध्ये आला तर त्याला फक्त शब्द नवे वाटतील.

स्टेशनवर दादा स्कूटर घेऊन उभा. माझी बॅग पुढे ठेवायला गेला तर तिथे आधीच एक चेपलेलं पार्सल होतं. “हे बघ. तीन आठवडे फिरून आज परत आलंय. तुमच्या पुण्यालाच गेलतं, कोथरूडला.” कागदावर शिक्का: ग्राहक उपलब्ध नाही. याला धंद्यात आरटीओ म्हणतात, वाहन परवान्याशी संबंध नाही. माल निघाला तिथे परत. जातानाचं भाडं दादाचं, येतानाचंही दादाचंच. पैसे दारात देणार होते, ते आलेच नाहीत. पिशवीची चेन तुटली, ती वेगळीच.

“गिऱ्हाईक म्हणतंय मी दिवसभर घरातच होतो. कुरिअरवाला म्हणतोय मी गेलतो. आता खरं कोण सांगायलाय, ते सिद्धेश्वरालाच ठाऊक.”

रात्री जेवायला कडक भाकरी, शेंगा चटणी, दही. आत्यानं भाकरी गुडघ्यावर मोडली. त्या आवाजासाठी तरी दरवर्षी यायला हवं.

दुसरा दिवस

सकाळी दादाबरोबर पूर्व भागात. अशोक चौक मागे पडला की दुकानांच्या पाट्या मराठीत आणि ओट्यावरच्या गप्पा तेलुगूत. पद्मशाली विणकरांनी वसवलेला हा भाग. एकेका गल्लीत घर कुठलं आणि कारखाना कुठला ते आवाजावरून ओळखायचं. खट्-खट् खट्-खट्, त्यावर बोलायचं तर ओरडून.

दादा ज्यांच्याकडून माल घेतो त्या मालकांनी आम्हाला मागाजवळ नेलं. वर जकार्ड. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. जिथे भोक तिथला हूक उचलला जातो, ताण्याचा उभा धागा वर येतो, खालून धोटा बाणा, म्हणजे आडवा धागा, घेऊन पळतो. एक पुठ्ठा, एक ओळ. मोराच्या तुऱ्यापासून शेपटीपर्यंत सगळा मोर पुठ्ठ्यात. फ्रान्समध्ये जोसेफ मारी जकार्डनं १८०४ साली हे यंत्र पुढे आणलं. भोक आहे की नाही, एवढ्या दोनच उत्तरांवर चालणारं. माझं पोट ज्या यंत्रांवर भरतं त्यांचा हा पणजोबा.

“आता शेजारच्या शेडमध्ये इलेक्ट्रॉनिक आणलाय,” मालक म्हणाले. “नक्षी पेनड्राइव्हवर. पण धागा तुटला की गाठ मारायला माणूस लागतोच की हो.”

तेवढ्यात तुटलाच. माग आपोआप थांबला. विणकर उठला, हजारो धाग्यांतून तुटलेला एक त्यानं बोटानं चाचपून काढला, थुंकी लावून पीळ दिला, गाठ मारली आणि खटका ओढला. मी मनात सेकंद मोजायला लागले होते, सहापर्यंत पोचले नव्हते. हातवारे जिथे त्याच जागी, त्याच क्रमानं, लाख वेळा. तिथे यंत्र बसतं. धागा कुठे तुटेल ते मात्र आधी माहीत नसतं, म्हणून मागाशेजारी हा स्टूल आणि स्टुलावर हा माणूस.

दुपारी घरी. जुळे सोलापुरातल्या बंगल्याच्या खालच्या गॅरेजात दादाचं गोदाम. खरा कारभार वहिनीचा. तिनं एक चादर घेतली, काट्यावर ठेवली: दोन किलो शंभर ग्रॅम. चेनच्या पिशवीत घातली, फुगलेली. टेप लावून मोजली: ४२ बाय ३४ बाय १४ सेंटीमीटर.

“आता तू सांग भाडं किती किलोचं?”

मला सांगावंच लागलं. कुरिअरवाले दोन वजनं धरतात. एक काट्यावरचं, दुसरं आकारमानाचं, म्हणजे सेंटीमीटरमधला गुणाकार भागिले ५०००. जे जास्त, त्याचं भाडं. ४२ गुणिले ३४ गुणिले १४ म्हणजे १९,९९२. भागिले ५०००, चार किलो. गाडीत जागा अडते, वजन अडत नाही, म्हणून हा नियम. तो चुकीचा नाही. कापसाचा धंदा करणाऱ्याच्या मात्र मुळावर येतो. लोखंडी अडकित्ते विकणाऱ्याला या भागाकाराचं नावही माहीत नसेल.

“म्हणून हे बघ.” वहिनीनं चादरीवर प्लायवुडचा तुकडा ठेवला, त्यावर स्वतः गुडघे टेकून बसली, बसल्या बसल्या चारी बाजूंनी टेप फिरवली. उठली. उंची सात सेंटीमीटर. आता आकारमानाचं वजन दोन किलो, काट्यावरचं दोन-शंभर, पाऊण तासापूर्वीच्या चारच्या जागी अडीचच्या टप्प्यात बसलं. “हे माझं ऑटोमेशन,” ती म्हणाली. “दिवसाला तीस-चाळीस. डॉक्टर म्हणाले गुडघे सांभाळा.”

मग घोळ कुठे होतो? दादानं कपाटातून कागद काढले. इथून निघताना सात सेंटीमीटर. हबवरच्या, म्हणजे कुरिअरच्या पार्सलं वेगळी करायच्या केंद्रावरच्या, यंत्रानं मोजलं तेव्हा ११. गुणाकार १५,७०८, म्हणजे तीन किलो १४०. वर अर्ध्या किलोच्या टप्प्याला चढवून साडेतीन. फरकाचे पैसे परस्पर खात्यातून वजा. फोटो पुरावा म्हणून जोडलेला. फोटोत पार्सल खरंच फुगलेलं. कापूस आहे, दाबून ठेवला तरी रात्रभर ट्रकमध्ये हळूहळू वर येतो. यंत्र खोटं बोलत नव्हतं. वहिनीही नाही.

आणि टप्प्याला वर चढवायचा नियम? तो कुरिअर कंपनीनं सांगितला, पण आमच्या यंत्रात तो ज्या ओळीत लिहिलाय ती ओळ माझी आहे. सहा वर्षांपूर्वी एका शुक्रवारी दुपारी लिहिलेली. मऊ मालाला वेगळा भाजक असावा का, हा प्रश्न त्या दिवशी टेबलावर कुणीही ठेवला नव्हता; मीही नाही. वहिनीला हे सांगितलं तर ती हसली आणि मला चहा करायला पाठवलं.

संध्याकाळी दादानं दुसरा विषय काढला. एकजण येऊन सांगून गेला होता, माल भिवंडीच्या मोठ्या गोदामात ठेवा, तिथलं यंत्र पॅक करेल, पाठवेल, तुम्ही फक्त बघा. हे का होतंय ते दादाला माहीत होतं. पूर्वी राज्याराज्यांची करव्यवस्था वेगळी, म्हणून कंपन्या प्रत्येक राज्यात लहान गोदाम ठेवायच्या. शहराच्या वेशीवर जकात, ट्रकच्या रांगा. सोलापुरात जुना पुणे नाका म्हणताना आता कुणाला नाका आठवत नाही, नुसता चौक आठवतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि लहान गोदामांचं कारण संपलं. माल मोठ्या शेडमध्ये गोळा व्हायला लागला, आणि माल गोळा झाला की यंत्र परवडतं.

कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या जागेत मी त्याला मांडून दाखवलं. समजा यंत्र एक कोटीचं, पाच वर्षं चालणार. रोजचा खर्च साधारण ५,४८० रुपये, वीज-दुरुस्ती वेगळी. दिवसाला दहा हजार पार्सलं गेली तर पार्सलमागे ५५ पैसे. पाचशेच गेली तर ११ रुपये. यंत्र तेच.

“म्हणजे मशीन स्वस्त का महाग, ते मशीनवर नाहीच.”

“दुसऱ्यांचा माल किती येतो त्याच्यावर आहे. आणि तुझी चादर पडून राहिली तर जागेचं भाडं घनफुटानं. कापूस तिथेही फुगणार.”

दादानं कालनिर्णय परत खिळ्याला लावलं. पान उलटं लागलं, ते आत्यानं सरळ केलं.

तिसरा दिवस

आज मला बघायचं होतं ते दादाच्या ओळखीनं जमलं. एका कुरिअरच्या फ्रँचायझीत काम करणारा मुलगा, चोवीस-पंचवीसचा, त्याच्या मागे स्कूटरवर निम्मा दिवस. स्कूटर त्याची, पेट्रोल त्याचं. पार्सल हातात पडलं की ठरलेले रुपये. पडलं नाही तर फेरीचं काही नाही.

सकाळी चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना ताजे हार होते. १२ जानेवारी. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे यांना १९३१ साली याच दिवशी येरवड्यात फाशी झाली. पोरगा स्कूटर हळू करून पाया पडला आणि पुढच्या वळणाला ॲपचा रस्ता सोडून उजवीकडे वळला.

“ॲप सरळ सांगायलंय,” मी म्हटलं. व्यावसायिक दुखणं.

“तिकडं आज पाणी नाही ताई. ह्या बाजूला आज पाणी हाय.”

मला आधी कळलंच नाही. सोलापुरात उजनीचं पाणी नळाला काही दिवसांआड येतं. ज्या भागाची पाळी, त्या भागात त्या वेळेला प्रत्येक घरात कुणी ना कुणी असतंच, भरायचं असतं. दार उघडं, मोटार चालू, पायरीवर पाइप. पैसे दारात द्यायची पार्सलं तो पाण्याच्या पाळीनं लावतो. कुठल्या गल्लीला किती वाजता सुटतं, हे त्याच्या डोक्यात. त्या तासाभरात त्यानं अठरा पार्सलं दिली आणि एकही परत आलं नाही.

मी अकरा वर्षं मार्ग आखणाऱ्या गणिताच्या आसपास वावरतेय. अंतर, वाहतूक, वळणं, वेळेची खिडकी, सगळे रकाने असतात. पाण्याचा नव्हता.

त्यानंतर दुपारी बारा ते तीन, कोरडा भाग. तासाला पाच, कधी चार. एका दारावर कुत्रं, एकाचा नंबर बंद, एका ठिकाणी “मालक जेवायलेत, थांब.” थांबला अकरा मिनिटं. हिशेब सोपा आहे: समजा माणूस आणि गाडी मिळून तासाला १२० रुपये. पंधरा दारं झाली तर दारामागे ८, सहा झाली तर २०. घरपोच धंद्याचं सगळं अर्थशास्त्र या भागाकारात आहे, बाकीचं ब्रोशर. फरक इतकाच की ते वरचे १२ रुपये कंपनीच्या वहीत चढत नाहीत. ती अकरा मिनिटं त्या पोराची.

शेवटची फेरी अक्कलकोट रस्त्यानं कुंभारीकडे. विडी कामगार महिलांच्या घरकुलांची वसाहत आणि पलीकडे रे नगर, तीस हजार घरांची योजना. त्यातली पंधरा हजार १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते दिली गेली. सरळ रस्ते, एकसारख्या इमारती, भिंतीवर रंगवलेले क्रमांक. चाकांवरच्या रोबोटला हीच वसाहत आवडेल, असं मनात आलं. पोराला मात्र इथं यायचं जिवावर येतं. शहरापासून लांब, पार्सलं मोजकी.

एका घरात शाळेचे बूट द्यायचे होते. बाई दाराशीच बसलेल्या, मांडीवर सूप. सुपात तेंदूची ओलसर पानं, तंबाखू, दोऱ्याची रीळ. पत्र्याचा फर्मा पानावर ठेवायचा, कात्रीनं भोवतीनं कापायचं, चिमूट तंबाखू पसरायची, वळायचं, टोक नखानं दुमडायचं, दोरा दोन फेरे. बोलताना हात थांबले नाहीत, नजरही खाली गेली नाही.

“पैशाला संध्याकाळी ये की रे.”

“मावशी, संध्याकाळी लांब पडतंय मला.”

त्यांनी आत हाक मारली. मुलीनं डब्यातून पैसे आणले. तेवढ्या वेळात मी विचारलं, कसं असतं काम. पान-तंबाखू कारखान्यातून मोजून मिळतं, घरी वळायचं, तयार विड्या परत नेऊन द्यायच्या, मजुरी हजारावर. आणि तिथे छाट. तपासणारा मुठीनं विड्या बाजूला काढतो: ही सैल, ही वाकडी. छाटलेल्यांची मजुरी नाही. पान खराब निघालं आणि हजार भरला नाही तर पदरचं पान विकत आणून भरायचं.

घरोघरी माल पोचवायचा, घरोघरून गोळा करायचा, बिघडला तर ज्याच्या हातात बिघडला त्याच्या नावावर. मला वाटत होतं ही पद्धत मोबाईलबरोबर आली. विडी कामगारांसाठी निदान १९६६ मध्येच कायदा झाला होता, ओळखपत्र आहे, मोर्चे काढून मिळवलेली घरं आहेत. पोराच्या बाजूनं २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता. तीत ॲपवाल्या कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के कामगारांच्या निधीत भरायची तरतूद आहे. त्याला विचारलं, माहीत आहे का? “व्हॉट्सॲपवर आलतं,” म्हणाला आणि किक मारली.

चौथा दिवस

भोगी. बाजरीची तीळ लावलेली भाकरी, भोगीची भाजी, लोण्याचा गोळा. खाऊन डोळे मिटत होते, पण आत्यानं ओढत नेलं.

शहर पांढरं झालं होतं. बाराबंदी घातलेले पुरुष, लहान पोरंही. सात नंदीध्वज. उंच जड काठी एक माणूस कमरेच्या पट्ट्यावर तोलतो, बाकीचे भोवतीनं. आज सिद्धरामेश्वरांनी स्थापलेल्या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक. बाराव्या शतकातली ही नगरप्रदक्षिणा. मिरवणूक जाते तिथले रस्ते बंद, गाड्या वळवलेल्या. दादाची आजची पिकअप रद्द. ॲपवर नुसतं ‘विलंब’.

सवय वाईट. अडुसष्ट थांबे म्हटल्यावर डोकं चालायला लागलंच. अडुसष्ट ठिकाणं कुठल्याही क्रमानं घ्यायची तर किती क्रम होतात? ९७ आकडी संख्या. सगळे तपासून सर्वांत छोटा निवडायला पृथ्वीवरचे सगळे संगणक लावले तरी पुरणार नाहीत, म्हणून आम्ही ‘बऱ्यापैकी चांगला’ मार्ग शोधून थांबतो. हे मी आत्याला उत्साहानं सांगितलं.

“क्रम महाराजांनी घालून दिलाय. तू कशाला त्रास करून घेतीस,” ती म्हणाली आणि नंदीध्वज आला तसे हात जोडले.

रात्री गच्चीवर भाचा, दादाचा पोरगा, धरून बसला. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, प्रकल्प हवा: सोलापुरात ड्रोननं घरपोच. पप्पांची चादर ड्रोननं.

“वजन दोन-शंभर,” मी म्हटलं. “डिसेंबर २०१३ मध्ये ॲमेझॉनच्या जेफ बेझोसनं टीव्हीवर ड्रोन दाखवला तेव्हा पाच पौंडांचा आकडा सांगितला होता, सव्वादोन किलो. आपली चादर बसते. फक्त ती हवेत पतंगासारखी वागेल.”

“आत्या, चेष्टा नको. रवांडात चालतंय की.”

चालतं. झिपलाइन कंपनी २०१६ पासून तिथे डोंगरातल्या दवाखान्यांना रक्ताच्या पिशव्या पोचवते. आपल्याकडे ऑक्टोबर २०२१ मध्ये मणिपुरात लोकटाक सरोवरातल्या करांग बेटावर आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेनं ड्रोननं लस नेली. रस्त्यानं २६ किलोमीटर, हवेतून १५, पंधरा मिनिटांच्या आत. पण रक्ताची किंमत वेळेत असते. चादर उद्या आली तर आज रात्री जुनी पांघरतात. शिवाय २०२१ च्या ड्रोन नियमांत चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरपर्यंत मोकळा हिरवा पट्टा नाही, परवानगी लागते. होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं आणि बहुतेक शहर त्या वर्तुळात आलं.

“मग जमिनीवरचा रोबोट.”

“ॲमेझॉननं जानेवारी २०१९ मध्ये स्काउट नावाचा सहाचाकी आणला, ऑक्टोबर २०२२ मध्ये गुंडाळला. फेडेक्सनंही त्याच महिन्यात आपला बंद केला. स्टारशिप नावाच्या कंपनीचे मात्र अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या आवारात फिरतात. गुळगुळीत फुटपाथ, आणि विद्यार्थी खाली येऊन पिझ्झा घेतो.”

“म्हणजे शेवटचे जिने गिऱ्हाईकानंच उतरायचे.”

पोरगं हुशार आहे.

“आणि गोदामात? तिथे तर रोबोटच रोबोट आहेत.”

“तिथे जमीन सपाट, पत्ते जमिनीवरच चिकटवलेले, आणि गोदामात गड्डा भरत नाही. २०१२ मध्ये ॲमेझॉननं किवा ही कंपनी साडेसत्त्याहत्तर कोटी डॉलरला घेतली, ती याचसाठी. माणूस फडताळाकडे चालत जाण्याऐवजी फडताळ माणसाकडे येतं, चालण्याचे तास वाचले. पण आधी माल हवा. वेबव्हॅन या ऑनलाइन किराणा कंपनीनं पट्ट्यांची गोदामं आधी बांधली, ऑर्डरी आल्याच नाहीत तेवढ्या. २००१ मध्ये दिवाळं.”

मग त्यानं जो प्रश्न विचारला त्याला माझ्याकडे स्लाइड नव्हती. “पण आत्या, आज ना उद्या यंत्र स्वस्त होणारच. मग इथं का नाही येणार?”

“तिथं माणसाचा तास महाग, आणि वाया गेला तरी मालकालाच पडतो. म्हणून तो वाचवायला मालक यंत्र घेतो. इथं कालच्या पोराची दारात उभं राहिलेली अकरा मिनिटं कुणाच्याच वहीत खर्च म्हणून लागत नाहीत. फुकट आहेत. फुकट गोष्ट वाचवायला कुठला मालक कोटी रुपये घालेल?”

गड्डा भरतो त्या होम मैदानाकडून पाळण्यांचे दिवे दिसत होते. भाच्यानं वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं. म्हणाला, पाण्याच्या वेळापत्रकाचं ॲप करू का? मी म्हटलं, आधी त्या पोराला विचार, आणि त्याचं नाव पहिलं घाल.

पाचवा दिवस

यात्रेतला अक्षता सोहळा, सिद्धेश्वरांच्या लग्नाचा, बघितला. गर्दीत फार मागून, पण हातातल्या अक्षता टाकल्या. आत्या खूश. तिळगूळ, चटणीचे दोन डबे, आणि वहिनीनं नवी पिशवी चढवून दिलेली ती कोथरूडची चादर. “जाताजाता दे की. पुन्हा भाडं कशाला घालायचं.”

एसटी स्टँडवर माझ्या पुढच्या बाई बसमध्ये चढल्याच नाहीत. स्टीलचा डबा फडक्यात बांधलेला, ड्रायव्हरच्या हातात दिला. “स्वारगेटला पोरगं येतंय, निळा शर्ट. तिळगूळ हाय, तुमचा वरच्या पुडीत.” ना पावती, ना ओटीपी. ड्रायव्हरनं डबा आपल्या सीटमागे उभा लावला आणि सुताच्या दोरीनं दांडीला बांधला. स्वारगेटला निळा शर्ट उभा होता.

सहावा दिवस

ऑफिसनंतर कोथरूड. पत्त्यावरच्या नावाची सोसायटी मिळाली. त्याच नावाची दुसरी समोरच्या गल्लीत, हे चहावाल्यानं सांगितलं. वॉचमन वही पुढे करून गायब. लिफ्ट बंद. फोन केला, उचलला नाही. दोनदा. आमच्या सिस्टिममध्ये या ठिकाणी एक बटण असतं आणि ते दाबलं की दिवस पुढे सरकतो.

तिसरा मजला चढले. बेल वाजवली, आत वाजलीच नाही. दार ठोठावलं. बऱ्याच वेळानं एक आजोबा आले, हातात श्रवणयंत्र, कानात घालत घालत. “बेल बिघडलीय हो महिनाभर. आणि फोन वाजलेला हे काढून ठेवलं की ऐकू येत नाही. त्या मुलानं ठोठावलं असतं तर...” ते थांबले. “सोलापूरची चादर का? तुम्ही थेट तिथून?”

पिशवीची चेन उघडून त्यांनी चादर बाहेर काढली, पायरीवरच. ती लगेच फुगली. मोरावरून हात फिरवला.

“किती द्यायचे?”

“आठशे नव्वद.”

त्यांनी नऊशे दिले. माझ्याकडे सुटे दहा नव्हते. त्यांच्याकडेही नव्हते. मी तीन जिने उतरून चहावाल्याकडे गेले.